दंतवर्ण व शुष्कन

दाताचे बाह्य आवरण कोरडे पडले असता त्याच्या रंगात व पारभासकतेत होणाऱ्या तात्पुरत्या बदलाचा येथे विचार केला आहे. तोंड बराच वेळ उघडे राहिल्यास, दातावर हवेचा झोत सोडल्यास किंवा उपचाराच्या वेळी दात लाळेपासून अलग ठेवल्यास तो काही मिनिटांतच अधिक पांढरा, निस्तेज व खडूसारखा अपारदर्शक दिसू लागतो. लाळेशी पुन्हा संपर्क आल्यावर तो सावकाश पूर्ववत होतो. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु दंतवैद्यकाच्या इतिहासात त्याकडे पाहण्याची दृष्टी पुनःपुन्हा बदलत गेली आहे. एकोणिसाव्या शतकात तो उपचाराचा एक दुर्लक्षित आनुषंगिक परिणाम होता. पुढे दाताच्या रंगाचे भरण व पोर्सेलिनाची शिखरे प्रचारात आल्यावर तो रंगजुळणीतील चुकीचे एक कारण ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हाच बदल दंतक्षय (दात किडणे) व फ्ल्युओराइडजन्य दंतविकार यांच्या प्रारंभिक निदानाचे साधन बनला. दाताचा रंग केवळ त्याच्या घटकांवर अवलंबून नसून निरीक्षणाच्या वेळी त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी आहे की हवा, यावरही अवलंबून असतो, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते.

भौतिक कारण : दंतशिखराचे (दाताच्या हिरडीबाहेरील भागाचे) बाह्य आवरण दंतवल्काचे असून त्याखाली दंतिन असते. पूर्ण वाढ झालेल्या दंतवल्कात वजनाने सु. ९६ टक्के खनिज असते. उरलेला अल्प भाग पाणी व कार्बनी पदार्थ यांचा असतो. खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइटाच्या स्फटिकांच्या रूपात असते. हे स्फटिक एकत्र येऊन दंतवल्काचे दंड तयार होतात. स्फटिकांच्या व दंडांच्या दरम्यान अतिसूक्ष्म पोकळ्या असून तोंडातील नेहमीच्या स्थितीत त्या पाण्याने भरलेल्या असतात. निरोगी दंतवल्कात या पोकळ्या फार थोड्या असतात. खनिज कमी झालेल्या भागात त्या वाढतात.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना त्या दोहोंच्या प्रणमनांकांत जितका अधिक फरक असेल, तितका त्याचा अधिक भाग परावर्तित व प्रकीर्णित होतो (इतस्ततः विखुरला जातो). ॲपेटाइटाचा प्रणमनांक सु. १.६२, पाण्याचा १.३३ व हवेचा १.०० आहे. पोकळ्यांत पाणी असताना हा फरक मर्यादित असतो, त्यामुळे प्रकाश बऱ्याच प्रमाणात दंतवल्कातून पार जातो. पाणी उडून जाऊन तेथे हवा शिरली की फरक जवळजवळ दुपटीने वाढतो आणि प्रकाश ठिकठिकाणी विखुरला जाऊन मागे फिरतो. दुधी काचेवर पाणी पडले असता पलीकडचे दिसू लागते व ती वाळताच पुन्हा धूसर होते, अथवा तेल लागलेला कागद पारभासक होतो, ही याच तत्त्वाची नित्य परिचयातील उदाहरणे होत.

दाताची पिवळसर छटा मुख्यतः दंतिनामुळे येते व ती दंतवल्कातून आरपार दिसते. दंतवल्क कोरडे पडले म्हणजे त्यातूनच पुष्कळसा प्रकाश परत फिरतो व दंतिनाचा रंग झाकला जातो. म्हणून वाळलेला दात अधिक उजळ व कमी पिवळा दिसतो. त्यात कोणतेही रंगद्रव्य नाहीसे झालेले नसते. आर्. एच्. डब्ल्यू. ब्रॉडबेल्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये दंतवल्काच्या पारभासकतेचे मापन प्रसिद्ध केले. दंतवल्क निर्जल केले असता त्याचा प्रकाशपारगमन गुणांक ८२ टक्क्यांनी घटतो व पुन्हा ओले केल्यावर तो पूर्ववत होतो, असे त्यांना आढळले. दंडांभोवतीच्या पाण्याची जागा हवेने घेणे, हे त्यांनी या घटीचे कारण सांगितले.

कोरड्या क्षेत्राचा आग्रह : दात कोरडा ठेवण्याची पद्धत रंगाच्या अभ्यासातून नव्हे, तर सोन्याच्या भरणातून आली. शुद्ध सोन्याचा वर्ख तापवून वापरल्यास त्याचे थर दाबाखाली एकमेकांना चिकटतात, हा गुण अमेरिकन दंतवैद्य रॉबर्ट आर्थर यांनी १८५५ मध्ये पुढे मांडला. अशा भरणाने झिजलेल्या दाताचा आकारही पुन्हा घडविता येऊ लागला. परंतु लाळेचा थोडाही स्पर्श झाला की थर एकजीव होत नसत, आणि काम तर पुष्कळ वेळ चाले. कापडाच्या घड्या व टिपकागद यांनी लाळ टिपत राहणे फारसे समाधानकारक नव्हते. १८६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सॅनफर्ड क्रिस्टी बार्नम यांनी रबराच्या पातळ पडद्यास भोक पाडून तो दाताच्या मानेभोवती बसविण्याची युक्ती योजली. या रबरी पडद्यामुळे दात लाळेपासून पूर्णपणे अलग ठेवता येऊ लागला. ही पद्धत आजही वापरात आहे.

पडद्याबाहेर राहिलेला दात वाळून पांढरा पडतो. परंतु भरण सोन्याचे किंवा पारदमिश्रणाचे असल्याने दाताच्या रंगाशी ते जुळविण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे या बदलाला व्यावहारिक महत्त्व आले नाही. त्याचे महत्त्व पुढे दोन निरनिराळ्या दिशांनी वाढले : दातांवरील डागांचा रोगविज्ञानीय अभ्यास ही एक व कृत्रिम पदार्थांची रंगजुळणी ही दुसरी.

चित्रित दंतवल्क : १९०१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यातील जे. एम्. ईगर यांनी इटलीतील नेपल्स परिसरातील लोकांच्या दातांवरील डागांचे वर्णन केले. त्याच वर्षी फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य कोलोराडो राज्यातील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायासाठी आले. तेथे जन्मलेल्या व वाढलेल्या अनेकांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे व तपकिरी डाग असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या आग्रहावरून ख्यातनाम दंतवैज्ञानिक जी. व्ही. ब्लॅक १९०९ मध्ये तेथे गेले. त्या वेळच्या पाहणीत स्थानिक जन्माच्या सु. ९० टक्के मुलांच्या दातांवर अशी लक्षणे आढळली. ब्लॅक यांनी अशा दातांच्या पातळ छेदांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण केले. दंतवल्काच्या बाह्य भागात दंडांना जोडणारा पदार्थ पुरेसा नसल्याचे मत त्यांनी मांडले. म्हणजेच कागदासारखा पांढरेपणा हा बाहेरून बसलेला डाग नसून ऊतकाच्या रचनेतील उणिवेचा परिणाम होता. ब्लॅक १९१५ मध्ये मृत्यू पावले. मॅके यांच्यासह केलेले हे संशोधन १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोषाचे कारण मात्र १९३१ पर्यंत सापडले नाही. अर्कान्सॉ राज्यातील बॉक्साइट या गावी मुलांच्या दातांवर असेच डाग दिसत. ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच्. व्ही. चर्चिल यांनी तेथील पाण्याचे वर्णपटीय विश्लेषण केले. त्यांना पाण्यात दशलक्ष भागांत १३.७ भाग इतके फ्ल्युओराइड आढळले. ॲरिझोनातील संशोधकांनीही त्याच वर्षी प्राण्यांवरील प्रयोगांनी फ्ल्युओराइड हेच कारण असल्याचे दाखविले. दंतवल्क तयार होत असताना फ्ल्युओराइड प्रमाणाबाहेर शरीरात गेल्यास त्याच्या पृष्ठभागाखालील थरात खनिज कमी भरते व सच्छिद्रता राहते. दात उगवताना हे भाग पांढरे असतात. तपकिरी रंग पुढे बाहेरील द्रव्ये शोषली गेल्याने येतो.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील एच्. ट्रेंडली डीन यांनी या दोषाच्या तीव्रतेची वर्गवारी १९३४ मध्ये केली व १९४२ मध्ये ती सुधारून सहा वर्गांची ठेवली. तीत निरोगी, संशयास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम व तीव्र असे वर्ग होते. पाण्यातील फ्ल्युओराइडाचे हितकारक व अहितकारक प्रमाण ठरविण्यात या वर्गवारीचा मोठा उपयोग झाला. तथापि परीक्षणापूर्वी दात कोरडे करण्याची अट तीत नव्हती. सौम्य दोषाचे पांढरे रेषांश दात ओला असताना लपतात व कोरडा होताच उठून दिसतात. त्यामुळे संशयास्पद व अतिसौम्य या वर्गांची सीमारेषा परीक्षकाने दात कोणत्या स्थितीत पाहिला यावर काही अंशी अवलंबून राहिली.

भारतात दंत व अस्थी यांवरील फ्ल्युओराइडाच्या दुष्परिणामांचे वर्णन एच्. ई. शॉर्ट व सहकारी यांनी १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातील पाहणीवरून केले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांच्या भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत स्वीकार्य व अन्य स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत अनुज्ञेय मानतात. अशा गावांत विहीर बदलावयाची की नाही, या निर्णयात मुलांच्या दातांची पाहणी हा एक पुरावा असतो. म्हणून पाहणीत दात ओले होते की कोरडे, याची नोंद असणे अगत्याचे ठरते.

शुष्कन : निदानाचे साधन : दंतक्षयाची सुरुवात पोकळी पडण्यापूर्वीच होते. जंतूंनी निर्माण केलेल्या अम्लामुळे पृष्ठभागाखालील खनिज विरघळते व तेथे पांढरा डाग दिसू लागतो. ब्रिस्टल येथील ए. आय्. डार्लिंग यांनी १९५६ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ध्रुवित प्रकाशाखाली अशा डागांची रचना तपासली. छेद निरनिराळ्या प्रणमनांकांच्या द्रवांत भिजवून त्यांनी पोकळ्यांचे प्रमाण अजमावले. क्विनोलिनाचा प्रणमनांक ॲपेटाइटाएवढाच असल्यामुळे ते ज्या पोकळ्यांत शिरते, त्या दिसेनाशा होतात. त्याचे रेणू जेथे शिरू शकत नाहीत, तो पट्टा काळसर दिसतो. डागाच्या मुख्य भागात सच्छिद्रता कडेला ५ टक्क्यांपासून मध्यभागी २५ टक्क्यांपर्यंत असल्याचे या पद्धतीने कळून आले. दंतवैद्य हवेच्या झोताने जे पाहतो, ते याच प्रयोगाचे साधे रूप होय. त्यात द्रवाच्या जागी हवा असते.

अशा डागाचे पुढे काय होते, या प्रश्नाला नेदर्लंड्समधील ओ. बाकर डिर्क्स यांनी १९६६ मध्ये महत्त्वाचे उत्तर दिले. त्यांनी आठ वर्षे वयाच्या मुलांच्या पहिल्या दाढांवरील ७२ पांढरे डाग निवडून ती मुले पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासले. ९ डागांच्या जागी पोकळ्या पडल्या होत्या, २६ जसेच्या तसे होते व ३७ ठिकाणी पृष्ठभाग निरोगी दिसत होता. पांढरा डाग म्हणजे कोरून काढावयाचा भाग, या समजुतीला यामुळे धक्का बसला. डाग लवकर ओळखता आला, तर स्वच्छता, आहार व फ्ल्युओराइडाचा स्थानिक वापर यांनी तो थोपविता येतो. उलट त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पोकळी पडल्यावर कोरणे व भरणे अपरिहार्य होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण पद्धतीत मात्र खडूसारखे पांढरे डाग किडीत धरले जात नसत. त्यामुळे पाहणीतील आकडे व रोगाची खरी व्याप्ती यांत अंतर पडत असे.

डागाच्या दृश्यतेवरून त्याची खोली ठरविता येते, हे डेन्मार्कमधील के. आर्. एक्स्ट्रँड व सहकारी यांनी १९९५ नंतरच्या अभ्यासांत दाखविले. सु. पाच सेकंद हवा मारल्यावरच दिसणारा डाग बहुधा दंतवल्काच्या बाह्य अर्ध्या भागापुरता असतो. ओल्या स्थितीतही दिसणारा डाग त्याहून खोल, कधी दंतिनापर्यंत गेलेला असतो. याचे कारण वर दिलेल्या भौतिक नियमात आहे. सच्छिद्रता थोडी असल्यास पाणी असताना होणारे प्रकीर्णन डोळ्यांना जाणवत नाही. हवा शिरल्यावरच ते जाणवते. २००२ पासून विकसित झालेल्या आंतरराष्ट्रीय दंतक्षय निदान पद्धतीत ही दोन निरीक्षणे अनुक्रमे संकेतांक १ व २ म्हणून स्वीकारण्यात आली. अशा रीतीने ओला व कोरडा यांतील फरक ही स्वतंत्र मोजपट्टीच बनली.

फ्ल्युओराइडजन्य दोषाच्या वर्गवारीतही असाच बदल झाला. ए. थिलस्ट्रुप व ओ. फेयेर्स्कोव्ह या डॅनिश संशोधकांनी १९७८ मध्ये टांझानियातील दातांच्या अभ्यासावरून ० ते ९ अशा दहा पायऱ्यांची वर्गवारी मांडली. तीत दात स्वच्छ करून कोरडे करणे आवश्यक ठरविले होते. बराच वेळ वाळवूनही दंतवल्काची नैसर्गिक पारभासकता टिकून राहिल्यासच तो दात शून्य श्रेणीत येतो. दृश्य स्वरूप व सूक्ष्म रचनेतील सच्छिद्रता यांची सांगड घालणे, हा तिचा हेतू होता. याउलट एच्. एस्. हॉरोविट्झ व सहकारी यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत दात न वाळविता तपासतात. कारण लोकांना परस्परांचे दात ओलेच दिसतात. पहिली पद्धत ऊतकातील दोष मोजते, तर दुसरी त्याचा सौंदर्यावरील परिणाम मोजते. दोन्हींचे निष्कर्ष एकत्र मांडून तुलना करणे योग्य नव्हे.

रंगजुळणी : चार्ल्स लँड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्सेलिनाचे संपूर्ण आवरण प्रचारात आणल्यावर शेजारच्या दाताशी तंतोतंत रंग जुळविण्याची गरज निर्माण झाली. ई. बी. क्लार्क यांनी १९३१ मध्ये दंतवर्णाचे पद्धतशीर विश्लेषण प्रसिद्ध केले. रंगाचे वर्ण, उजळपणा व संपृक्तता असे तीन घटक दंतवर्णाच्या विचारात धरले जाऊ लागले. जर्मनीतील व्हिटा या संस्थेची १९५६ मधील १६ छटांची वर्णपट्टी जगभर रूढ झाली. १९७३ च्या सुमारास आर्. सी. स्प्राउल यांनी रंगशास्त्राची तत्त्वे दंतवैद्यांना सुलभ करून सांगितली.

एम्. जी. ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्कावर अम्लाचा प्रयोग करून रेझीन चिकटविण्याची पद्धत शोधली. अम्ल धुऊन दात वाळविल्यावर पृष्ठभाग हिमासारखा पांढरा दिसला, तर क्रिया नीट झाली असे समजत. म्हणजे शुष्कनाचा पांढरेपणा येथे कामाची खूण ठरला. परंतु त्याच वाळलेल्या दाताशी भरणाची छटा ताडून पाहिल्यास ती प्रमाणाबाहेर फिकी निवडली जाते. दुसऱ्या दिवशी दात ओला होऊन मूळ रंगावर येतो आणि भरण मात्र पांढरेच राहते.

प्रकाशमापक उपकरणे व १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने स्वीकारलेली वर्णमापन पद्धती यांमुळे हा फरक आकड्यांत मांडता आला. २०००, २०१३ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत जिवंत माणसांचे दात काही मिनिटे कोरडे ठेवून मोजण्यात आले. उजळपणा वाढतो व पिवळेपणा घटतो. बदल पहिल्या काही मिनिटांतच वेगाने होतो व पूर्ववत होण्यास त्याहून अधिक वेळ लागतो, असे दिसून आले. प्रशिक्षित व अप्रशिक्षित निरीक्षकांच्या सहकार्याने आर्. डी. पाराव्हिना व सहकारी यांनी २०१५ मध्ये दातांच्या रंगभेदाच्या सीमा ठरविल्या. रंगांतील १.२ एककांचा फरक निम्म्या निरीक्षकांना जाणवतो व २.७ एककांपर्यंतचा फरक निम्म्या निरीक्षकांना चालण्याजोगा वाटतो. शुष्कनाने होणारा बदल अनेकदा या दुसऱ्या सीमेपलीकडे जातो. म्हणून उपचाराच्या प्रारंभीच, रबरी पडदा लावण्यापूर्वी व दाताचे माप घेण्यापूर्वी छटा निवडावी, हा नियम रूढ झाला आहे.

श्वेतन व डागांचे उपचार : दात पांढरे करण्याच्या आधुनिक उपचारांत पेरॉक्साइडाने रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. व्ही. बी. हेवुड व एच्. ओ. हाइमन यांनी १९८९ मध्ये रात्री साच्यातून औषध वापरण्याची पद्धत मांडली. दवाखान्यात दिव्याखाली केलेल्या उपचारात मात्र दात दीर्घकाळ उघडे राहतात. तेव्हा लगेच दिसणाऱ्या पांढरेपणाचा काही भाग शुष्कनाचा असतो व तो थोड्याच काळात ओसरतो. उपचाराचे यश त्याच दिवशी मोजणे म्हणूनच फसवे असते. तोंडाने श्वास घेणाऱ्या व्यक्तींचे वरचे पुढचे दात कोरडे राहून निस्तेज दिसतात, याचेही कारण हेच.

याच तत्त्वाचा उलट वापर करून पांढरे डाग झाकता येतात. सच्छिद्र ऊतकात रेझीन मुरविण्याचे प्रयोग सी. रॉबिन्सन व सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले होते. जर्मनीतील एच्. मायर-ल्यूकल व एस्. पारिस यांच्या संशोधनातून २००९ च्या सुमारास त्यास व्यवहार्य रूप आले. पृष्ठभागावर अम्लाचा संस्कार करून व अल्कोहॉलाने पाणी काढून टाकून त्या जागी सु. १.५२ प्रणमनांकाचे पातळ रेझीन भरतात. हा अंक पाण्यापेक्षा ॲपेटाइटाला जवळचा असल्यामुळे डाग पुष्कळसा नाहीसा होतो आणि दात वाळला तरी पुन्हा तितका उठून दिसत नाही. रेझीन भरण्यापूर्वी अल्कोहॉलाच्या थेंबाने डाग फिका झाला, तर उपचार यशस्वी होण्याचा संभव असतो.

दंतवर्णाची कोणतीही नोंद, मग ती गावाच्या पाहणीतील असो, दवाखान्यातील असो वा प्रयोगशाळेतील, दाताच्या ओलाव्याची स्थिती व तो किती वेळ कोरडा होता हे सांगितल्याविना अपुरी असते. विशेषतः लहान मुलांच्या दातांवरील पांढऱ्या डागांबाबत ही काळजी आवश्यक ठरते. कारण कोरड्या दातावर प्रथमच दिसलेला डाग कोरून काढण्याची नव्हे, तर बहुधा जपण्याची सूचना देत असतो.